ओळंब्याशी वाद

३ मार्च

प्रिय काटेराव,

फोन उचलत नाही म्हणून रुसू नकोस. हल्ली फोनवर मला धड ऐकू येत नाही, माणसं डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी वाटतात. आणि तसंही तू फोनवर "बरी आहेस ना, बरी आहेस ना" याखेरीज काय बोलतोस? पत्र लिहायला बसलास की निदान चार वाक्यं तरी नवी सुचतात तुला.

काम आहे म्हणून लिहितेय, उगाच प्रेमाचं भरतं आलेलं नाही. इथल्या नव्या वाचनालयात मुलांसाठी एक मोठी खोली बांधलीय. छत नऊ मीटर उंच, खाली जाड गालिचा, मुलांनी लोळत वाचावं म्हणून. त्या छताला टांगायचं झुलतं शिल्प मला मिळालंय. पत्र्याचे बारा मासे, अकरा सळ्या. खालच्या सळीच्या दोन टोकांना दोन मासे, ती सळी वरच्या सळीच्या एका टोकाला, तिच्या दुसऱ्या टोकाला तिसरा मासा, असं करत करत सगळा जथा शेवटी छतातल्या एकाच आकड्याला. वारा आला की सगळे पोहायला लागणार. वीस वर्षं मी लोकांच्या जिन्यांत चार-चार मासे टांगत आलेय. एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलंय, आणि या वयात पुन्हा येईल असंही नाही.

अडचण आहे ती वाचनालयाच्या इंजिनिअरची. भला माणूस आहे, पण त्याला कागद हवाय. मुलांच्या डोक्यावर पंधरा किलो पत्रा टांगायचा तर प्रत्येक सळीचा तोल आकड्यांत मांडून द्या म्हणतो. मी म्हटलं, तोल डोळ्यांनी दिसतो की. तर म्हणाला, "बाई, डोळे फायलीला जोडता येत नाहीत."

आता माझ्या घरात आकड्यांचा माणूस एकच. म्हणून सोबत सगळी मापं पाठवतेय: कुठल्या माशाचं वजन किती, सळी किती लांब, कडी कुठे अडकवलीय. तेवढा कागद करून दे. २८ एप्रिलला टांगायचंय. परांचीवर मीच चढणार, कारण शेवटची कडी वरच जुळवावी लागते आणि ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही. २ मेला उद्घाटन.

वहिनीला सांग, तिनं विणलेला स्वेटर अजून टिकलाय.

तुझी ताई


९ मार्च

ताई,

"परांचीवर मीच चढणार" हे तू जिन्यावरून खाली जाऊन पेपर आणते म्हटल्यासारखं लिहिलंस. ते वाक्य वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. ही म्हणते, ताई काय आज चढतायत का, वीस वर्षं शिड्यांवरच आहेत. खरंय. पण नऊ मीटर म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या खिडकीएवढं झालं, आणि बाबा पडले ते दुसऱ्याच मजल्यावरून. मला परांची म्हटलं की ती कुजकी फळी आठवते. मी सहा वर्षांचा होतो, मी ती पाहिलीही नाही, तरी आठवते. जगात कुणीतरी प्रत्येक गोष्ट तपासून पाहायला हवी असं मला वाटतं ते त्या फळीमुळेच. म्हणून तर वजनमाप ऑफिसच्या तळघरात बसून दुसऱ्यांची वजनं तपासतो.

ते असो. मापं तपासली. सगळ्यात खालची सळी घे. ऐंशी सेंटिमीटर. डावीकडे चारशे ग्रॅमचा मासा, उजवीकडे दोनशे चाळीसचा. सळीचं वजन क्षणभर बाजूला ठेवू. कडी डाव्या टोकापासून तीसवर हवी: चारशे गुणिले तीस बारा हजार, दोनशे चाळीस गुणिले पन्नास बारा हजार. तू ती एकतीसवर लावलीयस. म्हणजे मोठा मासा खाली झुकणार. पुढची सळी पाहिली, तीच गत. मग सळ्यांची वजनं धरून नीट केलं, तरी अकराच्या अकरा कड्या उजवीकडे सरकलेल्या, अकराच्या अकरा सळ्या डावीकडे उतरत्या. दुरुस्तीचा तक्ता सोबत आहे. खालून सुरुवात कर, वरून नको.

आणि वर फिटरला चढव. तू खालून सांग.

तुझा भाऊ

ता. क. : परांचीच्या फळ्या कोण तपासतं, ते विचारून ठेव. लेखी घे.


१७ मार्च

काटेराव,

तुझा तक्ता लावला. दोन दिवस गेले. अकराच्या अकरा कड्या तुझ्या आकड्यावर आणल्या आणि मागे जाऊन बघितलं, तर सगळे मासे उजवीकडे बुडणाऱ्या होडीत बसल्यासारखे! अरे, मला हसूच आलं. मग रडू आलं. मग सगळ्या कड्या पुन्हा होत्या तिथे नेल्या आणि जिवात जीव आला.

उंटावरून शेळ्या हाकू नकोस. तू शेड बघितलीयस माझी. एका टोकाला काळा पडदा लावलाय, भिंत दिसत नाही, खिडकी दिसत नाही, फक्त मासे आणि काळोख. तिथे मी पंधरा पावलं लांब उभी राहते आणि कडी सरकवत जाते. एक जागा अशी येते की सळीचं भांडण मिटतं. तुझ्या तळघरात तोल म्हणजे दोन्ही पारड्यांत सारखं. माझा तोल तसा नसतो. एका बाजूला गलेलठ्ठ, दुसऱ्या बाजूला चिंगळी, आणि तरी कुणाची कुणाविरुद्ध तक्रार नाही. ते गुणाकारानं येत असतं तर तुमच्या ऑफिसच्या भिंती शिल्पांनी भरल्या असत्या.

फिटर चढवायचा म्हणे. फिटरला सांगायचं काय, "दादा, भांडण मिटेपर्यंत सरकवा"?

तू काळजी करतोस म्हणून माझाही जीव टांगणीला लागतो बघ. परवा शेडमधून येताना दाराची चौकट अंगावर आली, खांद्याला काळंनिळं. तुझ्याच विचारात असणार मी. शेजारच्या शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, "ताई, दार तिथंच होतं." चावट बाई आहे.

ताई


२४ मार्च

ताई,

चौकट अंगावर येते म्हणजे काय?

मी रागावलेलो नाही. गुणाकारानं शिल्प होत नाही हे मला कळतं. पण पत्र्याच्या माशाला आपण शिल्पात आहोत हे कळत नाही, तो वजनानंच खाली जाणार. तुझा डोळा आणि माझा गुणाकार यांचं उत्तर एकच यायला हवं. इतकी वर्षं यायचं. आठवतंय, तू पहिलं झुलतं आमच्या लग्नात दिलंस, ते मी गुपचूप मोजलं होतं. केसाचा फरक नव्हता. तेव्हा हिला म्हटलं होतं, आमच्या ऑफिसनं ताईला नोकरीवर घ्यायला हवं.

मग आता काय बिघडलं? मला संशय तुझ्या स्वयंपाकघरातल्या काट्याचा. सोबत दोन पितळी वजनं पाठवलीयत, एक शंभरचं, एक पाचशेचं. हातानं धरू नकोस, फडक्यानं धर. (तू हातानंच धरणार, माहीत आहे.) काटा किती दाखवतो ते कळव.

दुसरं, सळी पूर्ण थांबायची वाट पाहतेस का? पाहू नकोस. आमचा जुना तराजू काचेच्या पेटीत आहे, मी त्याच्यापासून दोन हात लांब बसून दुर्बिणीतून काटा वाचतो, कारण माझ्या अंगाच्या उबेनंही तो हलतो. तो कधी थांबत नाही. आम्ही डावीकडे कुठवर गेला, उजवीकडे कुठवर गेला ते टिपतो आणि मधलं काढतो. चटकन थांबणारा काटा आम्हाला आवडत नाही. तो थांबला म्हणजे कुठेतरी धूळ बसलीय, अडकलाय.

तिसरं, बाबांचा ओळंबा तुझ्याकडे आहे, भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा. तो शिल्पाच्या शेजारी टांग आणि एक फोटो काढून पाठव. बाबा म्हणायचे ना, सगळ्यांशी भांडावं पण ओळंब्याशी वाद घालू नये.

तुझा भाऊ


४ एप्रिल

काटेराव,

काटा चोख आहे. शंभरला शंभर, पाचशेला पाचशे. हातानं धरून.

फोटो सोबत आहे. शिवणवाल्या बाईंनी काढला. ओळंबा उजव्या बाजूला टांगलाय, मी डाव्या बाजूला कॅमेऱ्याला पाठमोरी उभी, मध्ये मासे. बाई चार वेळा म्हणाल्या, "सरळ उभ्या राहा." मी म्हटलं सरळच आहे की. तर हसत सुटल्या. फोटो काढायला कुणी धड माणूस मिळत नाही या गल्लीत.

आता एक बातमी, पण घाबरू नकोस. तारीख अलीकडे आलीय. परांची दुसऱ्या इमारतीला हवीय, म्हणून २८ ऐवजी २२ एप्रिललाच टांगायचं. इंजिनिअर म्हणाला, कागद अजून आला नाही तर निदान तुमच्या सहीचं पत्र द्या की सगळं तोलात आहे. दिलं.

अठरा दिवस राहिले. झोपेतही मासे मोजते. सकाळी उठल्या उठल्या पलंगाची कड धरून पाच मिनिटं बसते, मग बरं वाटतं. वय झालं म्हणायचं.

ताई


९ एप्रिल

ताई,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

फोटो दुर्बिणीच्या टेबलावर ठेवून पट्टीनं मोजला. ओळंब्याची दोरी कागदाच्या कडेला समांतर आहे, म्हणजे बाईंनी कॅमेरा नीट धरला होता. अकरा सळ्या डावीकडे उतरलेल्या. सगळ्या सारख्या, अंदाजे दोन अंश. आणि तू, ताई, तूसुद्धा डावीकडे कललीयस. तेवढीच. तू आणि मासे यांचं एकमेकांशी इतकं छान जुळतंय की पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा मला काहीच खटकलं नाही. सगळं एकमेकांशी जुळतंय. फक्त ओळंब्याशी जुळत नाही.

आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात: चुका कधी डावीकडे, कधी उजवीकडे पडत असतील तर घाबरू नका, माणसाचा हात आहे. पण सगळ्या चुका एकाच बाजूला आणि सारख्याच मापाच्या पडत असतील तर वजनं तपासत बसू नका, तराजू तपासा. मी ते दरवर्षी दुसऱ्यांना शिकवतो. आणि महिनाभर तुझे मासे तपासत बसलो. इतका मूर्ख मी आजवर कधी ठरलो नव्हतो.

फोनवर ऐकू येत नाही, ते कुठल्या कानानं? चौकट अंगावर येते ती कुठल्या बाजूनं? सकाळी पलंगाची कड का धरतेस? कधीपासून?

कानाच्या डॉक्टरकडे जा. उद्या जा. आणि वाटेल ते झालं तरी बावीसला वर चढू नकोस. माझं ऐक. हात जोडतो.

तुझा भाऊ


१३ एप्रिल

तू वजनं तपास. मला तपासू नकोस.

एका फोटोवरून निदान करणारा डॉक्टर आमच्या घरात जन्मला हे मला माहीत नव्हतं. मी वीस वर्षं या डोळ्यांवर पोट भरलंय. काम हातातून गेलं तर ते माझं जाईल, तुझं नाही. बावीस तारखेपर्यंत मला पत्र लिहू नकोस. लिहिलंस तर फोडणार नाही.

ताई


१६ एप्रिल

काटेराव,

तुझं उत्तर यायच्या आत लिहितेय. उत्तर नको म्हणून मीच सांगितलं आणि मीच रोज दारातली पेटी उघडून बघतेय. मागचं पत्र फाडून टाक.

काल शेडमध्ये स्टुलावरून पडले. दीड हात उंचीचं स्टूल. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. पण पडताना मला पडतेय असं वाटलंच नाही रे. जमीनच उठून आली. खूप वेळ तशीच पडून राहिले, कारण उठायचं कुठल्या दिशेला ते कळेना.

तू विचारलंस त्याची उत्तरं देते. डावा कान. डावी बाजू. वर्ष झालं. आधी कानात भुंगा शिरला, मग ऐकू येणं कमी झालं, मग अधूनमधून खोली फिरायला लागली. भिंतीला बोटं लावून चालते. फोन टाळते. कुणाला सांगितलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, माझं उलट. अंगण खरोखरच वाकडं दिसतंय आणि मी मात्र जगाला सांगत सुटलेय की मला नाचता येतंय.

पण मला सांगायचंय ते हे नव्हे. काटेराव, फळी कुजकी नव्हती.

बाबांचा डबा मीच न्यायचे, तुला आठवणार नाही. ते जायच्या आधी तीन आठवडे, एक दिवस गेले तर बाबा अर्ध्या भिंतीपाशी उकिडवे बसलेले, दोन्ही हात विटांवर. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, "फिरतंय जरा. जाईल." मग म्हणाले, "आईला सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस. काम काढून घेतील." त्यानंतर दोनदा तसेच दिसले. मी तेरा वर्षांची होते. बाबांनी मला एकटीला विश्वासात घेतलं म्हणून मला केवढं मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. मी गप्प बसले.

ते पडले तेव्हा मी डबा घेऊन फाटकात होते. फळी जागच्या जागी होती, धडधाकट. नंतर काकांनी आणि लोकांनी परांची बांधणाऱ्याला धरलं, कुजकी फळी घातली म्हणून. तो बिचारा नाही नाही म्हणत होता. तो खरं बोलतोय हे तिथे एकट्या मला माहीत होतं. त्याला पुन्हा आपल्या भागात कुणी काम दिलं नाही. आणि तू सहा वर्षांचा, कुजकी फळी कुजकी फळी ऐकत मोठा झालास. मी ऐकू दिलं.

काम काढून घेतील. तेच वाक्य मी वर्षभर रोज स्वतःला सांगतेय. बाबांच्याच आवाजात येतं ते.

आता तू म्हणशील, एवढं कळतंय तर चढू नकोस. पण मी सांगितलं की माझा तोल गेलाय, तर झुलती शिल्पं करणाऱ्या बाईला कोण विचारणार? मासे खाली उतरवतील. सहीचं पत्र मी दिलंय की सगळं तोलात आहे. ते खोटं ठरणार. सहा दिवस राहिलेत. मला काय करावं कळत नाहीये. खरंच कळत नाहीये.

तुझी ताई


१९ एप्रिल, गाडीत

ताई,

हे पत्र मी टपालात टाकत नाहीये. हातात घेऊन येतोय. दारात तुला देईन आणि तू वाचेपर्यंत बाहेर पायरीवर बसेन, कारण हे मला तोंडानं बोलता येणार नाही. तू फोन उचलला असतास तरी बोलता आलं नसतं.

राग आला. खोटं कशाला लिहू? तुझं पत्र दुपारी आलं, मी ते घेऊन पुन्हा ऑफिसात गेलो, तराजूसमोर बसलो आणि एक वजनही उचललं नाही. बेचाळीस वर्षं मी त्या फळीला शिव्या घातल्या. तिच्यावर माझी नोकरी उभी, माझा स्वभाव उभा. ही सतत म्हणते, तुम्हाला प्रत्येक खुर्ची बसण्याआधी हलवून बघायची सवय आहे. आणि आता कळतं की फळी धड होती.

मग ते परांची बांधणारे आठवले. नावही माहीत नाही. त्यांचं काय करायचं ते आपण दोघांनी नंतर ठरवायचं, पण ठरवायचं. विसरायचं नाही.

तुझ्यावरचा राग संध्याकाळपर्यंत टिकला नाही. तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात बापानं एवढं वजन ठेवलं. ते तिनं खाली ठेवायचं कुठे? बाबांवर मात्र अजून आहे. तो असू दे थोडे दिवस.

आता काम. मी दहा दिवसांची रजा घेतलीय. मासे आपण दोघं ओळंब्यावर जुळवू. तुझा पडदा काढून टाकायचा, म्हणजे भिंत आणि खिडकी दिसेल, डोळ्याला आधार मिळेल. इंजिनिअरला तू स्वतः सांगायचंस. मी शेजारी उभा राहीन, बोलणार नाही. काम काढून घेतलं तर घेतलं.

आणि नाही घेतलं तर बावीसला वर मी चढेन. हसू नकोस. मला उंचीची भीती वाटते हे तुला माहीत आहे, मी जत्रेतल्या पाळण्यातही बसलेलो नाही. पण माझ्या कानात भुंगा नाही, कमरेला पट्टा असेल, आणि फळ्या मी स्वतः तपासणार आहे. धड निघाल्या तरी तपासणार आहे.

तू खाली खुर्चीत बस. सांगायचं तू, सरकवायचं मी.

तुझा भाऊ


५ मे

प्रिय काटेराव,

पोहोचलास हे वहिनीच्या पत्रातून कळलं. तिनं हेही लिहिलंय की तू घरी जाऊन दोन दिवस नुसता झोपलास. ऐट केवढी, मला मात्र म्हणून गेलास की अंग जरासुद्धा दुखत नाही!

उद्घाटन झालं. सविस्तर सांगते, पण आधी बावीस तारखेचं सांगू दे. तू वर होतास, खालचं तुला काही दिसलं नाही.

इंजिनिअरचं तर तू ऐकलंसच. मी आदल्या रात्रभर वाक्यं जुळवलेली, माझा कान, माझा तोल, माझी खोटी सही, सगळं एका दमात ओकले. आणि तो माणूस काय म्हणाला? "बरं. मग वर कोण चढणार?" मी वर्षभर ज्या वाक्याला भ्यायले ते त्यानं उच्चारलंच नाही. तू फळ्या बघायला गेल्यावर त्यानं तुझा तक्ता फायलीला जोडला, आणि त्यावर माझ्याकडून नवी सही घेतली. आधीची माझ्यासमोर फाडली.

तर बावीस तारीख. तू चढायला लागलास आणि मी खुर्चीचे हात असे धरले की नखं उमटली. तू प्रत्येक फळीवर आधी एक पाय आपटून बघत होतास. खाली उभे असलेले कामगार एकमेकांकडे बघून हसत होते. मी नाही हसले. मला डोळे मिटायचे होते, पण मिटले की खोली जास्त फिरते, म्हणून उघडे ठेवले. तू वर पोहोचलास. आधी कमरेचा पट्टा खांबाला अडकवलास, दोनदा ओढून बघितलास.

मग तू शेवटची कडी लावलीस आणि मासे सुटले. फिरले, झुलले, हळूहळू आपापल्या जागी आले. आणि तू ओरडलास, "ताई, बरोबर?"

काटेराव, मला ते वाकडं दिसत होतं.

भिंत दिसत होती, खिडकी दिसत होती, तरी वाकडं. सगळे मासे उजवीकडे बुडणारे. खुर्चीशेजारी बाबांचा ओळंबा टांगलेला होता. मी दोरीकडे बघितलं, सळीकडे बघितलं. ओळंबा म्हणत होता सरळ. माझं अख्खं अंग म्हणत होतं वाकडं. आयुष्यभर जे हे अंग सांगेल तेच मी केलं. "जरा डावीकडे" एवढं म्हटलं असतं तर तू सरकवलं असतंस, मला माहीत आहे, वर तुझ्या हातात तक्ता असूनही सरकवलं असतंस.

मी "बरोबर" म्हणाले. तुला वाटलं मी उशीर लावला तो आनंदानं. तो आनंद नव्हता. माझ्याच कामाला मी परक्यासारखी बघत होते. यापुढे माझं प्रत्येक सरळ काम मला वाकडंच दिसणार, हे त्या वेळी कळलं.

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले, तेही तेच म्हणाले. औषधानं फिरणं कमी होईल, गेलेलं ऐकू येणं परत येणार नाही, आणि थोडं डोलणं राहील. मी म्हटलं, चालेल, चटकन थांबणारा काटा वाईट असतो.

आता उद्घाटनाचं. भाषणं झाली, मला काही नीट ऐकू आलं नाही, ते बरंच झालं. मग पोरं आत सोडली. सगळी गालिच्यावर उताणी पडली, वर बघत, पुस्तकं बाजूला. एक चिमुरडी मला म्हणाली, आजी, तू पण झोप. आजी म्हणे! तरी झोपले. आणि उताणं पडून वर बघितलं तर काय सांगू, त्यात वाकडं काही नव्हतंच. झोपलेल्या माणसाला कसला आलाय डावा उतार आणि उजवा उतार! बारा मासे संथ फिरत होते, मोठा चिंगळीला वाट देत होता, भांडण मिटलेलं होतं. तुझ्या आकड्यांवर मिटलेलं होतं, माझ्या नाही, पण मिटलेलं होतं. मी तिथे रडले. मुलांनी पाहिलं नाही.

परांची बांधणाऱ्यांचं काकूला विचारलंय. काका नाहीत, पण तिला आठवतंय. त्या परांचीवाल्यांचा मुलगा कुठे असतो ते शोधून कळवते म्हणाली. पत्ता मिळाला की त्यांना पत्र मी लिहिणार, तू नाही. तू फक्त वाच आणि काही राहिलं असेल तर सांग.

आणि एक शेवटचं. मी "बरोबर" म्हणाले तरी तू वरच थांबलास. सळीला बोट लावून बघत होतास, पुन्हा पुन्हा, तुझ्या त्या तपासायच्या सवयीनं. नऊ मीटरवर. तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते मला ठरवून म्हणता आलं नसतं. डबा घेऊन फाटकात उभं असताना जे म्हणायचं राहिलं होतं, तेच होतं ते. मी खुर्चीतून उठले, भिंत धरली आणि सगळ्यांसमोर ओरडले, "पुरे झालं, खाली उतर!"

आणि तू उतरलास.

तुझी ताई